धाप लागली म्हणजे हृदयाची झडपच बिघडली असे नव्हे

जिना चढताना दम लागतो. मध्येच छातीत धडधडते. रात्री आडवे झाल्यावर कोंडल्यासारखे वाटते, म्हणून एकाच्या जागी दोन उशा लागतात. संध्याकाळी पायांवर सूज दिसते. अशी लक्षणे सुरू झाली, की घरात पहिली शंका येते ती हृदयाची. त्यातच गल्लीत कोणाचे 'व्हॉल्व्हचे ऑपरेशन' झालेले असेल आणि तपासताना डॉक्टरांनी "छातीत थोडा आवाज येतोय" एवढे म्हटले असेल, तर मग विचारायलाच नको. रुग्ण मनाशी ठरवूनच टाकतो, की आपली झडप गेली.

वाचकहो, ही लक्षणे झडपेच्या विकारात होतात हे खरेच आहे. परंतु हीच लक्षणे अगदी तशीच दिसणारे इतर डझनभर विकार आहेत. त्यांतले काही गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत बरे होतात, काहींना औषधाचीही गरज नसते, तर काही झडपेच्या विकाराइतकेच गंभीर असतात. नुसत्या लक्षणांवरून किंवा नुसत्या आवाजावरून निदान केले तर चोर सोडून संन्याशाला फाशी अशी गत होते. म्हणून या आठवड्यात झडपेच्या विकाराची सोंगे घेणाऱ्या आजारांची ओळख करून घेऊ.

झडप करते तरी काय?

शेतकरी वाचकांना हे समजावणे सोपे आहे. विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण परत खाली येऊ देत नाही. आपल्या हृदयात असे चार व्हॉल्व्ह आहेत. डाव्या बाजूला द्विदल झडप आणि महाधमनीची झडप, उजव्या बाजूला त्रिदल झडप आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीची झडप. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला या झडपा उघडतात व मिटतात.

झडपेत बिघाड दोनच प्रकारचा होतो. एक तर ती आक्रसते, म्हणजे पुरेशी उघडत नाही. नाहीतर ती गळते, म्हणजे नीट मिटत नाही. दोन्हीमुळे रक्त मागे तुंबते, फुप्फुसात साठते आणि धाप लागते. आपल्याकडे तरुण वयातल्या झडपेच्या विकाराचे मोठे कारण म्हणजे लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप. उतारवयात झडपेवर चुना साठून ती कडक होते. काहींची झडप जन्मतःच सदोष असते.

आता मोटार पाणी फेकत नसेल, तर दोष फूटव्हॉल्व्हचाच असतो का? कधी व्होल्टेज कमी असते, कधी पाइप फुटलेला असतो, कधी विहिरीलाच पाणी नसते. शहाणा माणूस व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी हे सगळे पाहतो. हृदयाच्या बाबतीतही नेमके तेच करायचे असते.

महायुद्धातले 'हृदयरोगी' शिपाई

ही चूक डॉक्टरांकडूनही होत आली आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धातील अनेक सैनिकांना धडधड, धाप आणि छातीत दुखण्याचा त्रास होत असे, पण हृदयात दोष सापडत नसे. डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली या रुग्णांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) ब्रिटिश सैन्यातही असे शेकडो जवान इस्पितळात येऊ लागले. छातीला नळी लावून थोडासा आवाज ऐकू आला, की अनेकांवर झडपेच्या विकाराचा शिक्का बसे आणि धडधाकट तरुण कायमचा 'हृदयरोगी' होऊन घरी जाई.

सर जेम्स मॅकेंझी आणि सर थॉमस लुईस या दोन वैद्यांनी या प्रकाराला आक्षेप घेतला. केवळ आवाज म्हणजे रोग नव्हे, हृदय श्रम किती सोसते ते पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. लुईस यांनी या रुग्णांना हळूहळू वाढत जाणारी कवायत देऊन त्यांची खरी ताकद तपासली आणि त्यांतले पुष्कळ जण पुन्हा कामाला लागले. शंभर वर्षे उलटून गेली, तरी हा धडा जुना झालेला नाही.

रक्त कमी, आवाज जास्त

आपल्या भागात झडपेच्या विकाराचे सर्वांत जास्त वेळा सोंग घेणारा आजार कोणता, असे विचाराल तर रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, याचे नाव आधी घ्यावे लागेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे दर दोन बायकांमागे एकीहून जास्त.

रक्तात हिमोग्लोबिन कमी असले, की शरीराला प्राणवायू कमी पडतो. ती तूट भरून काढण्यासाठी हृदय जोराने आणि भराभर रक्त फेकते. रक्तही पातळ झालेले असते. पातळ रक्त वेगाने वाहू लागले, की निरोगी झडपेतूनही 'सूंऽ' असा आवाज येतो. यालाच डॉक्टर मर्मर म्हणतात. बाईला धाप लागते, धडधडते, चक्कर येते आणि रक्त फारच कमी असेल तर पायांवर सूजही येते. सगळे चित्र झडपेच्या रोगाचे, पण झडप शाबूत.

अशा वेळी खालची पापणी, जीभ आणि नखे पांढुरकी दिसतात का ते पाहावे. हिमोग्लोबिनची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. स्त्रियांमध्ये ते १२ च्या वर, गरोदरपणात ११ च्या वर आणि पुरुषांमध्ये १३ च्या वर असावे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. मात्र नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये. अंगावरून जास्त जाणे, मूळव्याध, जंत, पोटातील व्रण यांपैकी रक्त कोठे गळते आहे ते शोधलेच पाहिजे. रक्त भरून आले, की असा आवाज आपोआप नाहीसा होतो. रक्त भरूनही तो राहिला, तर मात्र झडपेची तपासणी करावी.

येथे एक गोष्ट खास सांगायची आहे. सिन्नर हे एकेकाळी विड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते आणि घरोघरी बायका विड्या वळीत. तंबाखू सतत हाताळल्याने त्यातील निकोटीन कातडीतून अंगात शिरते. त्यात मिश्री लावण्याची सवय असली, तर आणखी भर पडते. निकोटीनने नाडी जलद होते आणि छातीत धडधडते. सकाळी मिश्री लावल्यावर धडधड वाढत असेल, तर ती झडपेची नसून मिश्रीची असू शकते. मिश्री सोडणे हाच तिच्यावरचा उपाय.

गळ्यातली लहानशी ग्रंथी

गळ्याच्या पुढच्या भागात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, की सारे शरीर जणू चौथ्या गिअरमध्ये धावते. नाडी स्वस्थ बसलेले असताना, एवढेच काय झोपेतही, जलद चालते. हात थरथरतात, घाम फार येतो, उकाडा सोसवत नाही, भूक चांगली असूनही वजन घटते. काहींचे डोळे बटबटीत दिसू लागतात. हृदयावर आवाजही ऐकू येतो.

उतारवयात यातली बरीच लक्षणे दिसतच नाहीत. फक्त नाडी अनियमित होते आणि माणूस खंगत जातो. द्विदल झडप आक्रसली तरी नाडी अशीच अनियमित होते, त्यामुळे गफलत होते. रक्तातील टीएसएच या एका तपासणीने उलगडा होतो आणि औषधांनी हा आजार आटोक्यात येतो.

गरोदरपणातली धाप

गरोदर स्त्रीच्या शरीरातील रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. हृदयाला जादा काम पडते. थोडी धाप, थोडी धडधड, पायांवर संध्याकाळची सूज आणि हृदयावर हलका आवाज हे सगळे बहुतेक निरोगी गरोदर स्त्रियांमध्येही आढळते. प्रसूतीनंतर ते जाते.

परंतु येथे सावध राहायला हवे. लहानपणी झडप थोडी आक्रसलेली असते, मुलीला काही त्रास नसतो, लग्न होते आणि पहिल्या बाळंतपणात वाढलेल्या रक्ताचा भार झडपेला पेलत नाही. तेव्हाच आजार पहिल्यांदा उघडा पडतो. म्हणून "दिवस गेलेत, धाप लागायचीच" असे म्हणून सासू-आईने विषय संपवू नये. उताणे झोपता न येणे, रात्री गुदमरून जाग येणे, थुंकीतून रक्त पडणे, भोवळ येऊन पडणे यांपैकी एकही गोष्ट गरोदरपणात सामान्य नाही. प्रसूतीच्या अखेरच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचाही एक विकार असतो. अशी लक्षणे दिसताच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्यावी. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि बाळाला कोणताही धोका नसतो.

दोष फुप्फुसाचा, नाव हृदयाचे

मोहदरीचा घाट चढताना जशी जुनी गाडी धापते, तसा विडी ओढणारा माणूस पन्नाशीनंतर धापू लागतो. वर्षानुवर्षे विडी ओढल्याने, तसेच चुलीपुढे बसून धूर गिळल्याने, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. जन्मात विडीला हात न लावलेल्या आजीबाईंनाही चुलीच्या धुरामुळे हा विकार होतो. खोकला, सकाळचा कफ आणि छातीत घरघर ही त्याची खूण. पुढे उजव्या बाजूच्या हृदयावर ताण येऊन पायही सुजतात, आणि मग तो हुबेहूब झडपेच्या रोगासारखा दिसतो. यंत्रात जोराने फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी येथे उपयोगी पडते.

खडी क्रशरवर, दगडखाणीत किंवा ओतकामाच्या कारखान्यात बरीच वर्षे काम केलेल्यांना सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस हा रोग होतो. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या तालुक्यात कामगारवर्ग मोठा आहे. डॉक्टरांकडे जाताना आपण कोणते काम किती वर्षे केले, हे न विचारताही सांगावे. निदानाची निम्मी किल्ली पुष्कळदा तेथेच असते.

धाप एकाएकी लागली, त्यातही अलीकडेच शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबलेले अंथरूण झाले असेल आणि एकच पाय सुजून दुखत असेल, तर पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असण्याचा संभव असतो. येथे उद्याची वाट पाहायची नसते.

सुजलेले पाय

पाय सुजले म्हणजे हृदयच, असे नाही. सकाळी उठताच तोंड आणि पापण्या सुजत असतील, तर मूत्रपिंड तपासावे. त्यासाठी लघवीची साधी तपासणी पुरते. आधी पोट फुगून मग पाय सुजत असतील, तर यकृत पाहावे. दारू पिणाऱ्यांनी तर नक्कीच. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांतल्या शिरा फुगून सूज येते आणि रात्रभर पाय उंच ठेवल्यावर ती ओसरते. रक्तदाबासाठी अनेकांना अमलोडिपिन ही गोळी दिली जाते. तिनेही काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. ते बदलून देतात.

शाळकरी मुलांच्या छातीतला आवाज

शाळेतल्या तपासणीत "मुलाच्या हृदयात आवाज आहे" असे कळले, की आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. परंतु बऱ्याच निरोगी मुलांच्या हृदयावर कधी ना कधी असा आवाज ऐकू येतो. तो निरागस आवाज होय. तो हलका असतो, मुलाने उठून बसल्यावर किंवा झोपल्यावर बदलतो आणि तापात मोठा होतो. मूल खेळते, धावते, वजन वाढते आहे, ओठ निळे पडत नाहीत, तर अनेकदा घाबरण्यासारखे काही नसते. तरीही डॉक्टरांनी सुचवल्यास एकदा इको करून मनातली शंका काढून टाकावी. पुढे मात्र त्या मुलाला 'हृदयाचा पेशंट' म्हणून खेळापासून दूर ठेवू नये. निरोगी मुलाला घरात बसवून ठेवणे हाही एक आजारच आहे.

सांधे दुखणाऱ्या मुलांच्या बाबतीत दोन चुका होतात. पहिली चूक एएसओ या तपासणीवरून होते. ती वाढलेली आली, की "संधिवाताचा ताप, आता वर्षानुवर्षे पेनिसिलीन" असे ठरून जाते. प्रत्यक्षात वाढलेले एएसओ एवढेच सांगते, की मुलाच्या घशाला अलीकडे विशिष्ट जंतूची लागण होऊन गेली. संधिवाताच्या तापाचे निदान करण्यासाठी डॉ. जोन्स यांनी १९४४ साली ठरवून दिलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या कसोट्या आहेत. त्यांत सुजून एकामागून एक दुखणारे मोठे सांधे, हृदयाला आलेली सूज, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली अशा खुणा पाहाव्या लागतात.

दुसरी चूक सिकलसेलच्या बाबतीत होते. नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी भागांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तेथील अनेक कुटुंबे कामासाठी सिन्नरकडे येतात. या मुलांचे सांधे दुखतात, रक्त कमी असते, धाप लागते आणि हृदयावर आवाजही येतो. म्हणजे संधिवाताचा ताप आणि झडपेचा रोग यांची हुबेहूब नक्कल. सिकलसेलची रक्ततपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. २०२३ पासून या आजाराच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

धडधड मनाची आणि धडधड तारेची

काही जणांना अचानक छाती धडधडू लागते, श्वास अपुरा वाटतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार असे वाटते. दहा-वीस मिनिटांत हा झटका ओसरतो. तपासण्या साऱ्या ठीक येतात. हा भीतीचा झटका असतो. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. रुग्णाचा त्रास खराच असतो, फक्त त्याचे मूळ झडपेत नसते. समुपदेशन आणि औषध दोन्हींचा चांगला उपयोग होतो.

परंतु प्रत्येक धडधडीला 'मनाचा खेळ' म्हणणेही चूक. हृदयाच्या विजेच्या तारांत जादा जोड असेल, तर बटण दाबल्यासारखी नाडी एकदम दीडशेच्या वर जाते आणि तशीच एकदम थांबते. अशा वेळी धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढावा. थांबल्यावर काढलेला ईसीजी पुष्कळदा निर्दोष येतो आणि रुग्णाचे बोलणे कोणी खरे मानत नाही.

येथेच आणखी एका शिक्क्याविषयी सांगायला हवे. गेल्या शतकाच्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इको यंत्र सर्वत्र आले आणि धडधडीच्या कितीतरी रुग्णांना, विशेषतः तरुण स्त्रियांना, 'झडप मागे झुकते', म्हणजे प्रोलॅप्स आहे, असे सांगण्यात आले. पुढे लक्षात आले, की निरोगी द्विदल झडपेचा काठ सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखा असतो आणि एका कोनातून पाहिल्यास चांगली झडपही झुकल्यासारखी दिसते. नवीन निकष लावून अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे केलेली पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तीत खरा प्रोलॅप्स केवळ २.४ टक्के लोकांमध्ये आढळला आणि छातीत दुखणे व धाप यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त नव्हते. कपाटात जुना रिपोर्ट जपून ठेवून धास्तावून जगणाऱ्यांनी एकदा नव्याने तपासून घ्यावे.

तसेच आजच्या यंत्रांत रक्ताची अगदी किंचित गळतीही दिसते. रिपोर्टमध्ये 'ट्रिव्हियल एमआर' किंवा 'ट्रिव्हियल टीआर' असे शब्द असले, तर निरोगी माणसांतही तेवढी गळती असते हे ध्यानात ठेवावे. रिपोर्टातील शब्द स्वतः वाचून घाबरण्यापेक्षा त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारावा.

हृदयाचेच, पण झडपेचे नव्हे

काही नकला जास्त अवघड असतात, कारण दोष हृदयातच असतो. दर पाचशे माणसांमागे सुमारे एकाच्या हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड होतो. त्यामुळे रक्ताची वाट अडते आणि महाधमनीची झडप आक्रसल्यासारखा आवाज येतो. धावताना किंवा कुस्ती खेळताना तरुण भोवळ येऊन पडला, किंवा घरात कोणी तरुणपणीच अचानक दगावले असेल, तर ही तपासणी टाळू नये.

डाव्या कप्प्यात क्वचित मायक्सोमा नावाची मऊ गाठ वाढते. ती लोंबकळत येऊन द्विदल झडपेच्या तोंडावर बसते आणि झडप आक्रसल्याचा देखावा निर्माण करते. कूस बदलताच धाप कमी-जास्त होणे, बारीक ताप, वजन घटणे ही तिची लक्षणे. शस्त्रक्रियेने ती काढता येते.

क्षयरोगाने हृदयाभोवतीचे आवरण जाड आणि ताठ झाले, तर मानेच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होते आणि पाय सुजतात. अनेकदा असा रुग्ण यकृताचा किंवा त्रिदल झडपेचा म्हणून फिरत राहतो. वेळीच ओळखल्यास यालाही उपाय आहे.

उलटी चूकही तितकीच घातक

आतापर्यंत 'झडप नसताना झडप' ही बाजू पाहिली. आता 'झडप असताना दुसरेच काही' ही बाजू. द्विदल झडप आक्रसलेल्या रुग्णाला रात्री धाप लागते, म्हणून त्याला दम्याची औषधे चालू राहतात. त्याच्या थुंकीतून रक्त पडते, म्हणून बेडका तपासून जंतू सापडलेले नसतानाही क्षयाचा कोर्स सुरू होतो. गोळ्या संपतात, पण धाप संपत नाही. कधी झडपेच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे ताप राहतो आणि मलेरिया, टायफॉइड असे उपचार होत राहतात. प्रत्यक्षात झडपेवरच जंतूंनी घर केलेले असते. ज्याची झडप सदोष आहे, त्याचा लांबलेला ताप कधीही साधा समजू नये.

म्हणूनच दम्याचे किंवा क्षयाचे औषध नीट घेऊनही गुण येत नसेल, तर "एकदा हृदय तपासून पाहू या का?" असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

उलगडा कसा होतो?

पहिली तपासणी डॉक्टरांच्या कानांची. कसलेला डॉक्टर आवाजाची जागा, वेळ आणि प्रकार यांवरून बरेच ओळखतो. मग हिमोग्लोबिन, टीएसएच, लघवी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. शेवटचा निवाडा इकोचा. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची ही युक्ती स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि शास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ साली शोधली. त्यांनी सुरुवातीला वापरलेले यंत्र गोदीत धातूमधल्या भेगा शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्रांपैकी होते, आणि तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो आक्रसलेली द्विदल झडप ओळखण्यासाठीच.

सिन्नरच्या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात जाता येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये करतात. तिच्यात जन्मजात हृदयदोष आणि संधिवातजन्य हृदयरोग दोन्ही येतात. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपांच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

खरोखरच झडपेचा विकार निघाला, तर दर तीन-चार आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलीनचे इंजेक्शन चुकवू नये. ते किती वर्षे घ्यायचे हे डॉक्टर ठरवतात. पुष्कळदा एकविसाव्या वर्षापर्यंत आणि झडप बिघडलेली असल्यास चाळिशीपर्यंतही ते चालू ठेवावे लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडणारा रुग्ण स्वतःच्या हाताने झडप गमावतो.

हे लक्षात ठेवा

विश्रांती घेतानाही धाप लागणे, रात्री गुदमरून उठून बसावे लागणे, थुंकीतून रक्त पडणे, श्रम करताना भोवळ येऊन पडणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, ओठ निळे पडणे, एकाएकी तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे. यांपैकी काहीही झाले, तर कारण कोणते हा वाद घरात घालत न बसता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

एरवी धाप किंवा धडधड सुरू झाली, तर दोन गोष्टी कराव्यात. स्वस्थ बसून एक मिनिटभर नाडी मोजावी. प्रौढ माणसात ती ६० ते १०० असते आणि घड्याळाच्या टिकटिकीसारखी नियमित चालते. त्रास केव्हा होतो, किती पायऱ्या चढल्यावर होतो, कशाने कमी होतो हे कागदावर लिहून ठेवावे. तो कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना जे विचारून काढावे लागते, ते आयते हाती पडले तर निदान लवकर आणि अचूक होते.